एका लाइनीवरची सहा सॉकेटं

लाइन तुटली की मोडेमवरचा दुसरा दिवा विझायचा. मग तो लुकलुकायला लागायचा आणि चार-पाच मिनिटांनी स्थिर व्हायचा. तोवर नुकसान झालेलं असायचं. मी मुंबईतल्या एका दैनिकाची जिल्ह्याची दोन पानं रोह्यात घरी बसून लावत असे. पान ऑफिसच्या सर्व्हरवर उघडलेलं असताना लाइन गेली की ते माझ्या नावावर कुलूपबंद व्हायचं. मुंबईत कोणाला तरी जागेवरून उठून ते सोडवावं लागायचं आणि मी केलेल्या शेवटच्या दुरुस्त्या नाहीशा व्हायच्या. एकदा अपघातात गेलेल्या माणसाचं वय चुकीचं छापलं गेलं. ते मी दुरुस्त केलं होतं. त्या माणसाच्या घरच्यांचा फोन आला तेव्हा मात्र चूक माझ्या नावावर होती.

डेस्कप्रमुख माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता आणि वाईट माणूस नव्हता. त्याने सांगितलं की वरून विचारणा झाली आहे. महिनाअखेरपर्यंत लाइन दुरुस्त झाल्याचं टेलिफोन कंपनीचं पत्र द्यावं, नाहीतर ऑफिसात येऊन काम करावं. माझी शिफ्ट दुपारी तीन ते रात्री दहा. दहानंतर मुंबईहून रोह्याला परत येणं शक्य नाही, आणि नवऱ्याची केमिकल कंपनीतली शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणजे ऑफिसात या याचा अर्थ नोकरी सोडा, एवढाच होता. मी शेहेचाळीस वर्षांची होते. त्या वयात वर्तमानपत्रं कोणाला घेत नाहीत, काढतात.

मोबाइलच्या नेटवर ऑफिसची प्रणाली टिकत नव्हती. खिडकीत बसलं तरी रेंजची एकच काडी दिसायची. फायबर मुख्य रस्त्यापर्यंत आलं होतं. आमच्या गल्लीसाठी केलेला अर्ज 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असा शेरा घेऊन परत आला. राहिली ती तांब्याची जुनी टेलिफोन लाइन. ती घरमालकिणीच्या नवऱ्याच्या नावावर होती. ते कुवेतला असतात. आम्ही पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा त्याच लाइनीवर मी माझा मोडेम लावून घेतला. घरमालकिणीला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणते, आम्हीही म्हणायला लागलो.

मी वही ठेवली होती. तारीख, लाइन गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ, तेव्हा मी काय करत होते, पाऊस होता का, वीज होती का. लाइन दिवसभरात कधीही जायची, पण साडेचार ते पाचच्या दरम्यान एकदा हमखास. ही गोष्ट मी कंपनीच्या प्रत्येक माणसाला सांगितली. एकानेही वही हातात घेतली नाही.

पहिला लाइनमन आला तेव्हा पाऊस होता. त्याने खांबावर चढून आपला फोन जोडला, खाली उतरून सांगितलं की खांबापर्यंत लाइन ठीक आहे, ओल असेल, पाऊस संपला की बघू. दुसरा आला तेव्हा पाऊस संपून तीन आठवडे झाले होते. त्याने मोडेम बंद करून चालू केला, दिवा लागल्यावर फोटो काढला आणि गेला. तिसरा आलाच नाही. मोबाइलवर मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे, आपला अनुभव कसा होता ते कळवा. मी पुन्हा तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. नवा तक्रार क्रमांक, जुनं निवारण. पंचवीस वर्षं मी इतरांच्या लेखनातली खोटी वाक्यं काढून टाकण्याचा पगार घेतला आहे. माझ्याबद्दल लिहिलेलं हे वाक्य मला काढता येत नव्हतं, कारण त्याखाली उत्तर द्यायची जागाच नव्हती. पाच तारे तेवढे होते.

या काळात मी एक निष्कर्ष काढला. साडेचारला नळाला पाणी येतं, पाऊण तास राहतं. खाला थेट नळाला मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायच्या. मोटर चालू झाली की वीज कमी-जास्त होते, त्याने मोडेम जातो. वेळ जुळत होती. मी जिन्यात खालांना गाठलं आणि स्पष्ट सांगितलं की चारनंतर मोटर लावू नका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. आवाज चढला होता. खाला म्हणाल्या, बरं. त्या दिवसापासून मोटर सकाळी लागायला लागली. लाइन साडेचारला तशीच जात राहिली. मी गृहीत धरलं की आता शेजारच्यांची मोटर असेल.

डेस्कप्रमुखाने दिलेल्या मुदतीचे बारा दिवस उरले तेव्हा मी पेणला गेले. टेलिफोन कंपनीचं आमच्या तालुक्याचं कामकाज तिथल्या ऑफिसातून चालतं. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने संगणकात पाहून सांगितलं की माझी एकही तक्रार शिल्लक नाही. मी म्हटलं, लाइन आजही गेली. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीमला क्लोज्ड दाखवतंय." मी पत्राबद्दल विचारलं. तो म्हणाला, तक्रारच नाही तर पत्र कशाचं देणार? मी वही काचेखालून आत सरकवली. त्याने ती न उघडता बाहेर सरकवली. मी किती मोठ्याने बोलले ते मला आठवत नाही. मागच्या बाकावरची माणसं उभी राहिली होती, एवढं आठवतं.

त्या बाकावर एक निवृत्त लाइनमन हयातीचा दाखला द्यायला आला होता. मी बाहेर पडले तेव्हा तो मागून आला. रामवाडीत राहतो, नोकरी सोडल्यावर पेणच्या गणपती कारखान्यांची वायरिंग करतो, असं त्याने सांगितलं. मग विचारलं, घर कुठलं. मी मोहल्ला सांगितला. त्याने लगेच विचारलं, "गल्फवाल्याचं घर?"

मालक कुवेतला असतात, मी म्हटलं.

"मंग घरात फोनची सॉकेटं किती?"

एक. माझ्या खोलीत.

तो हसला. "बाय, गल्फवाल्याच्या घरात एक सॉकेट नसतंय. पाच तरी हायेत. जाऊन मोजा."

मग त्याने जे सांगितलं ते मी ऑफिसच्या पायरीवर उभी राहून वहीत लिहून घेतलं. मोबाइल नव्हते तेव्हा आखातातून आठवड्यात एकदा फोन यायचा, तीन-चार मिनिटांचा. घरात आई, बाप, बायको, भाऊ, मुलं. रिसीव्हर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत वेळ संपायची आणि जो राहिला तो आठवडाभर रुसायचा. म्हणून लोक प्रत्येक खोलीत एक सॉकेट बसवून घ्यायचे, सगळी त्याच एका लाइनीवर. फोन आला की सगळ्यांनी एकदम रिसीव्हर उचलायचा. पाच रिसीव्हर उचलले की आवाज बारीक व्हायचा, मग सगळे ओरडून बोलायचे. रोहा, पेण आणि खाडीकाठची गावं मिळून अशी घरं त्याने स्वतः किती केली त्याला मोजदाद नव्हती. हे नियमात बसत नव्हतं. "पन त्या घरांतला चहा बरा असायचा," तो म्हणाला.

बोलण्याला त्याने फारसं बिघडत नव्हतं. ब्रॉडबँडला बिघडतं. वापरात नसलेली प्रत्येक वायर म्हणजे बंद गल्ली. सिग्नल तिच्यात शिरतो, शेवटाला थडकतो, उलटा येतो आणि मागून येणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. आणि एखाद्या सॉकेटवर जुना फोन अजून लागलेला असेल, तर त्याची बेल वाजताच मोडेमची लाइन तुटते. हे सगळं खांबावरून दिसत नाही. घरात शिरून बघावं लागतं.

मी त्याला विचारलं, मग तुमच्या कंपनीचे दोन लोक आले, त्यांनी हे का विचारलं नाही? कंपनी आता त्याची नव्हती आणि ते लोकही कंत्राटदाराचे होते. मला उत्तराची गरजही नव्हती. मला राग काढण्यासाठी कोणीतरी समोर हवं होतं आणि समोर तो होता.

दुसऱ्या दिवशी मी साप्ताहिक सुट्टी घेतली आणि टॉर्च घेऊन खालांच्या घरात फिरले. भिंतीचे कोपरे बघत चाललेली मला पाहून खाला म्हणाल्या, "काय गो, घर इकत घेतेस काय?" पहिलं सॉकेट पडवीत, वायर आत येते तिथे. दुसरं बैठकीत, दर ईदला लावलेल्या ऑइल पेंटच्या थराखाली. तिसरं स्वयंपाकघरात फळीमागे. चौथं खालांच्या सासूबाईंच्या खोलीत कपाटामागे; त्या जाऊन अकरा वर्षं झाली होती. पाचवं खालांच्या झोपायच्या खोलीत. सहावं वरचं, माझं. पाचव्यावर हस्तिदंती रंगाचा फोन होता. त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला होता.

मी तिथे वाकून वायर बघत असतानाच तो फोन वाजला. बेल दबकी होती, दोनदा वाजली आणि थांबली. मी रिसीव्हरकडे हात नेला, तर खाला म्हणाल्या, "उचलू नको. तो बोलायचा नाय." त्यांनी हात पदराला पुसले, कपाटातून मोबाइल काढला, चालू केला आणि खाटेवर बसल्या. दोन मिनिटांत मोबाइलवर कुवेतहून व्हिडिओ कॉल आला, चित्र अडकत अडकत. खालांना मोबाइल सतत चालू ठेवायला आवडत नाही. त्यामुळे नवरा जेवणाच्या सुट्टीत आधी घरच्या फोनवर दोन रिंगा देतो. दोन रिंगा म्हणजे मोबाइल लाव. मोबाइल आल्यापासून हाच रिवाज होता.

मी वर गेले. दिवा लुकलुकत होता. घड्याळात चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

वहीत साडेपाच महिन्यांच्या नोंदी होत्या. पाऊस होता का, हा रकाना होता. वीज होती का, हा रकाना होता. खालच्या मजल्यावर काय चाललं आहे, हा रकाना नव्हता. बातमीदार म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवतात की शेजारच्यांना विचारा. मी ज्यांच्या घरात राहत होते त्यांना एक प्रश्न विचारला नव्हता. फक्त हुकूम दिला होता.

व्हिडिओ कॉल संपल्यावर मी खाली जाऊन खालांना सांगितलं की लाइन तुमच्या फोनच्या बेलने जाते. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग माझी मोटर?"

मोटरचा संबंध नव्हता, मी म्हटलं.

"दीड महिना मी नळाखालून बादल्या उचलून पिंपात वतते. सकाळी त्यातनं मोटर लावते. तुझ्या टाकीतलं पानी तेच हाय."

ते पिंप मी रोज पाहत होते. मला वाटलं होतं ते तिथेच असतं. मी माफी मागायला हवी होती. त्या वेळी मी मागितली नाही. पूर्ण संध्याकाळ मला राग येत होता आणि तो कंपनीवर आहे असं मी स्वतःला सांगत होते.

मी बोलावल्यावर निवृत्त लाइनमन रविवारी सकाळच्या गाडीने आला. गाडी कासू स्टेशनात बराच वेळ थांबवून ठेवली होती, म्हणून तो उशिरा पोचला आणि आल्या आल्या त्याने कामाला हात घातला. पडवीतली डबी उघडली. या डबीला ते लोक रोझेट म्हणतात. आत तांब्यावर हिरवं चढलं होतं. पाच वायरी एका पिळात गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावलेली होती, आणि चिकटपट्टी कडक होऊन सुटली होती. त्याने पीळ हातात घेऊन थोडा वेळ पाहिला. "हे माझं नाय," तो म्हणाला. "माझं याच्याहून बरं असतं."

मी त्याला सांगितलं की माझी सोडून बाकी सगळी तोडा. त्याने पक्कड हातात घेतली. खाला दारातून म्हणाल्या, "माझ्या खोलीतली नाय तोडायची."

मी म्हटलं की खाला, तुमच्याकडे मोबाइल आहे. तो दिवसभर चालू ठेवा, मी चार्ज करून देत जाईन. घरच्या फोनची आता गरज कोणाला आहे?

"लाइन कुणाच्या नावावर हाय?" खालांनी विचारलं. आवाज वर गेला नव्हता. "तीस वर्सं तो माणूस तिकडं हाय. दुपारी दोन रिंगा देतो. मी घरात असलें, नसलें, या भिंतीत वाजतं. कदी मी नळावर असतें, उचलत नाय, तरी त्याला तिकडं कळतं घरात वाजलं. मोटर बंद केली मी तुझ्यासाठी. पानी हाय ते, उचललं. हे नाय बंद करायची."

मी म्हटलं, माझी नोकरी जाईल.

"तुझी नोकरी मोठी, आनि माझा घरवाला रिकामा बसलाय काय तिकडं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी देणार होते. ते वाईट उत्तर होतं. इथे लिहीत नाही. लाइनमन मध्ये बोलला. पक्कड त्याने खाली ठेवली होती. "भांडन नंतर करा दोघी. दोघींचं राहातंय."

पिशवीतून त्याने नवं रोझेट काढलं आणि एक छोटी डबी, स्प्लिटर. एका बाजूने लाइन आत येते, दुसऱ्या बाजूला दोन तोंडं: एक फोनचं, एक मोडेमचं. तशीच डबी माझ्या खोलीत मोडेमसोबत लावलेली होती, पण तिथे ती निरुपयोगी होती, कारण खालांचा फोन तिच्या आधीच लाइनीला जोडलेला होता. ती डबी घरात वायर शिरते तिथेच हवी होती. त्याने पडवीतली जुनी डबी काढून टाकली, तांबं स्वच्छ लालसर होईपर्यंत तासलं, नवं रोझेट स्क्रूने बसवलं. स्प्लिटरच्या फोनच्या तोंडातून एक वायर खालांच्या खोलीकडे, मोडेमच्या तोंडातून नवी अखंड वायर जिन्याच्या कडेने वर, मध्ये कुठेही जोड न देता. बैठकीतली, स्वयंपाकघरातली आणि सासूबाईंच्या खोलीतली वायर मुळापाशी तोडली. माझ्या खोलीतलं जुनं सॉकेट उखडून नवं लावलं. या सगळ्याला दोन तास लागले. साडेपाच महिने आणि दोन तास.

मग मी मोडेमसमोर बसले आणि माझ्या मोबाइलवरून खालांच्या फोनवर रिंग दिली. खाली बेल वाजली. दुसरा दिवा हिरवा राहिला. मी पुन्हा दिली. आठदहा वेळा दिली असेल. शेवटी खाला जिन्यातून म्हणाल्या, "आता पुरे गो, मोहल्ला गोळा करतेस काय?"

सोमवारी चार वाजून एकतीस मिनिटांनी दोन रिंगा झाल्या. पान उघडं होतं. उघडंच राहिलं. त्या दिवशी मी दोन्ही पानं वेळेआधी छपाईला सोडली. संध्याकाळी खाली जाऊन मी खालांची माफी मागितली आणि मोटर साडेचारलाच लावा असं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पत्र राहिलं होतं. मुदतीला तीन दिवस होते. मी पुन्हा पेणच्या ऑफिसात गेले. तोच अधिकारी. या वेळी मी आवाज चढवला नाही. लाइन सुरू झाली आहे, आता तसं पत्र द्या, असं म्हटलं. त्याने आनंदाने संगणकावर टाइप केलं, छापलं, शिक्का मारला. पत्रात लिहिलं होतं की ग्राहकाच्या तक्रारीनुसार आमच्या तांत्रिक पथकाने जागेवर भेट देऊन दोष दूर केला असून लाइन सुस्थितीत आहे.

मी म्हटलं की हे खरं नाही. तुमच्या पथकाने काहीही केलेलं नाही.

"मग कोणी केलं?" त्याने विचारलं.

त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं. कंपनीच्या लाइनीला बाहेरच्या माणसाने हात लावणं नियमात बसत नाही, आणि तो बाहेरचा माणूस याच ऑफिसातून पेन्शन घेतो. खरं वाक्य लिहिलं असतं तर त्याचं नाव आलं असतं आणि उद्या त्याला याच काचेसमोर उभं राहावं लागलं असतं. मी म्हटलं, निदान पथकाचं काढा, 'लाइन सुस्थितीत आहे' एवढंच ठेवा. अधिकारी म्हणाला, "मॅडम, हा फॉरमॅट आहे. यात बदल होत नाही. हवं तर घ्या, नको असेल तर फाडतो."

तो कागद त्याने दोन बोटांत धरला होता. मी तो घेतला. रोह्याला परत येताना गाडीत तीनदा वाचला. मग मोबाइलवर फोटो काढून डेस्कप्रमुखाला पाठवला, सोबत एका ओळीत लिहिलं की सोबत कंपनीचं पत्र जोडत आहे. ते वाक्य खरं होतं. पत्र खरं नव्हतं.

उत्तर तीन मिनिटांत आलं. माझं घरून काम पुढे चालू राहील असं त्यात होतं. आणि खाली लिहिलं होतं की तांत्रिक पथकाला आमच्यातर्फे धन्यवाद कळवा.